कोन्याक आणि स्वयंपाकघर

पाश्चात्त्य पाककृतीतील ‘थोडी कोन्याक’ हे शब्द वाचून पगारदार गृहस्थ दचकतो. इतिहास पाहिला असता ही धास्ती ओसरते. सतराव्या शतकात डच व्यापारी फ्रान्सच्या शारांत खोऱ्यातील द्राक्षमद्य प्रवासात टिकावे म्हणून त्याचे ऊर्ध्वपातन करवीत. ‘ब्रँडी’ हे नावही ‘जाळलेले मद्य’ या अर्थाच्या डच शब्दावरून आले. १९०९ साली कोन्याकच्या प्रदेशाची सीमा कायद्याने आखली गेली. आज आपण मोल देतो ते त्या नावाचे आणि ओकच्या पिपातील वर्षांचे: ‘व्ही. एस.’ किमान दोन वर्षे मुरलेली, ‘एक्स. ओ.’ दहा. परंतु दीर्घकाळ मुरल्याने आलेला नाजूक गंध आचेवर बराचसा उडून जातो. म्हणून सॉसपुरती ‘व्ही. एस.’, किंवा मळीच्या मद्यार्काची नव्हे अशी द्राक्षांची साधी ब्रँडी पुरेशी आहे, असे आम्हांस वाटते.