कपाटाची किल्ली

किन्हीराजा हे वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातले गाव. माझ्या लहानपणी हा मुलूख अकोला जिल्ह्यात होता. वाशीम जिल्हा वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. या पंचक्रोशीतल्या एका शाळेत मी १९७० च्या दशकात पाचवीला होतो. वर्गात पुस्तकांचे लोखंडी कपाट होते आणि त्याला कुलूप होते. साहेब तपासणीला येत, त्या दिवशी ते उघडे. मुलांना वाचनाची गोडी का लागत नाही, यावरचे परिसंवाद ऐकताना मला मोबाइलच्या आधी ते कुलूप आठवते.

त्यामागे कुणाचा दुष्टावा नव्हता. बाकडी, घंटा, नकाशे यांच्या रांगेत पुस्तकेही डेडस्टॉक रजिस्टरला चढवलेली असत. एखादे हरवले तर जाब गुरुजींना. कोणी एकही पुस्तक वाचले नाही, तर जाब कोणालाच नाही. मग कुलूपच बरे!

मराठी मुलांच्या वाचनाचा इतिहास पाहिला, तर दोन वाटा दिसतात. एक क्रमिक पुस्तकाची : ठरलेला धडा, खाली प्रश्न, पुढे परीक्षा. दुसरी अवांतर वाचनाची. ती बरीचशी हौसेने आणि पदरमोड करून चाललेली. वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ मध्ये ‘आनंद’ मासिक सुरू केले. भा. रा. भागवतांनी १९५१ मध्ये ‘बालमित्र’ काढले. या दोन वाटा जवळ आणण्याचा एक मोठा प्रयत्न आचार्य अत्रे यांच्या ‘नवयुग वाचनमाले’चा. क्रमिक पुस्तकही मुलाला आवडू शकते, हे तिने दाखवले.

पुढे २७ जानेवारी १९६७ रोजी पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे आपली ‘बालभारती’, स्थापन झाली. याच मंडळाने नोव्हेंबर १९७१ मध्ये ‘किशोर’ मासिक काढले. वसंत शिरवाडकर त्याचे पहिले संपादक. धडे छापणाऱ्या संस्थेनेच परीक्षा नसलेले वाचन मुलांच्या हाती दिले, ही घटना मला फार मोलाची वाटते.

आमच्या वर्गात ‘किशोर’ आला तो गुरुजींच्या पिशवीतून. अंक त्यांनी स्वतःच्या पैशाने घेतलेला. रजिस्टरला त्याची नोंद नव्हती, म्हणूनच तो आमच्या घरी जाऊ शकला. शनिवारी शाळा सुटण्याआधी गुरुजी एक गोष्ट मोठ्याने वाचत आणि ऐन रंगात आली की थांबत. उरलेली ज्याची त्याने वाचायची. अंकासाठी आमची भांडणे होत. अक्षरे जुळू लागलेली, पण वाचन अजून आपले झालेले नाही, असे ते वय. चौथी ते सातवीत ती गाठ पडली नाही, तर पुढे पडणे अवघड.

आज कायदा मुलांच्या बाजूने आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात प्रत्येक शाळेला ग्रंथालय, त्यात वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टीची पुस्तके असावीत, असे म्हटले आहे. २०१५ पासून १५ ऑक्टोबरला ‘वाचन प्रेरणा दिन’ साजरा होतो. ‘किशोर’चे जुने अंक संगणकावर फुकट वाचता येतात. पुस्तकांची सोय वाढली, हे खरेच. पण १६ ऑक्टोबरला किल्ली कोणाकडे असते, हे पाहायला हवे. माझ्या मते ती पाचवीतल्या एखाद्या मुलीकडे असावी, देवघेवीची वहीही तिच्याच हाती असावी. आणि वर्षाला काही पुस्तके फाटतील, हरवतील, हे तपासणी अधिकाऱ्यांनी आधीच मान्य करावे.

एकदा एक अंक माझ्याकडून मुखपृष्ठ गमावून परत गेला. मी मार खाण्याच्या तयारीने उभा होतो. गुरुजींनी अंक उलटसुलट पाहिला आणि विचारले, “आतली पाने आहेत ना सगळी? मग दे पुढच्याला.”