खिडकीला किंमत असू द्या, माणसाला नको

उत्तर नागपुरातल्या आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात गेल्या महिन्यात एक वेगळाच वाद झाला. वर्गातल्या एका मुलीला तिच्या निवृत्त आईवडिलांना मुंबईहून गोव्याला क्रूझनं पाठवायचं होतं. आईनं आयुष्यात समुद्र दोनदाच पाहिला, दोन्ही वेळा सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर गेली तेव्हा. मुलीचा प्रश्न साधा होता : आतली खोली घ्यावी की बाल्कनीची? एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, ही उधळपट्टी आहे, तेवढ्या पैशात वसतिगृहातल्या एका विद्यार्थ्याची पुस्तकं येतील. एक तरुण उसळून म्हणाला, सगळ्यात महागडी खोली घे, आपल्या माणसांनी वरच्या डेकवर कधी बसायचंच नाही का? आम्हाला दोन्ही मतं अपुरी वाटतात. ती का, ते सांगायला थोडा इतिहास उकलावा लागेल.

आधी व्यवहार समजून घेऊ. २०२१ पासून मुंबईहून गोवा, लक्षद्वीपच्या फेऱ्या करणारं कॉर्डेलियाचं ‘एम्प्रेस’ हे जहाज १९९० साली ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावानं बांधलेलं आहे. त्या काळातल्या जहाजांना बाल्कनीच्या खोल्या मोजक्याच असत. म्हणून बाल्कनी महाग. बिनखिडकीची आतली खोली सगळ्यात स्वस्त, खिडकीची त्याहून वर, मग बाल्कनी, मग सूट. इंजिन एकच, समुद्र एकच, गोवाही एकच. जहाज सुटल्यावर रिकामी राहिलेली खोली कंपनीला एक रुपयाही देत नाही, म्हणून भाव रोज हलतो. दिवाळी, नाताळ आणि शाळेच्या सुट्ट्यांत तो चढतो, आडदिवसांत उतरतो. जाहिरातीतला आकडा बहुधा एका खोलीत दोघं राहणार असं धरून माणशी दिलेला असतो. एकट्या बाईनं जायचं म्हटलं, तर तिला जवळपास दोघांचे पैसे पडतात. वर बंदराचं शुल्क, जीएसटी, टिप आणि पेयं वेगळी. सेवाग्राम एक्सप्रेसनं स्लीपरमध्ये गेलो काय अन् एसीत गेलो काय, मुंबई एकाच वेळी येते, हे नागपूरकराला सांगायला नको. क्रूझचंही तसंच आहे.

पण या देशात जहाजात कोण चढू शकतो, हे नेहमी पैशानं ठरत नव्हतं. बौधायन धर्मसूत्रानं समुद्रप्रवास हा पतित करणाऱ्या कर्मांत धरला. १८८८ साली मोहनदास गांधी बॅरिस्टर व्हायला निघाले, तेव्हा त्यांच्या मोढ वाणी जातीनं मुंबईत त्यांना जातीबाहेर टाकलं. ज्याच्याजवळ गमवायला जात होती, त्याच्यासाठी समुद्र हा धोका होता. ज्याला गावानं आधीच वेशीबाहेर ठेवलं होतं, त्याला समुद्र काय बाटवणार?

श्रीमंतांनी त्यावरही तोड काढली. १९०२ साली जयपूरचे महाराजा सवाई माधोसिंह दुसरे सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी लंडनला निघाले. धर्म बुडू नये म्हणून त्यांनी ‘ऑलिंपिया’ हे अख्खं जहाजच भाड्यानं घेतलं आणि सोबत चांदीच्या प्रचंड घागरींतून गंगाजल नेलं. एकेका घागरीत सुमारे चार हजार लिटर पाणी मावतं, आणि त्यातल्या दोन आजही जयपूरच्या सिटी पॅलेसमध्ये मांडून ठेवलेल्या आहेत. प्रीमियम क्रूझचा याहून मोठा नमुना कुठला असेल? मात्र त्या पैशात सुखसोय विकत घेतली नव्हती. विकत घेतली होती ती दुसऱ्या माणसाचा स्पर्श टाळण्याची सोय.

त्यानंतर पंचवीस वर्षांनी मुंबईहून आणखी एक बोट पाण्यासाठीच निघाली. २४ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेब सुमारे दोनशे सत्याग्रहींसह ‘पद्मावती’ बोटीवर चढले. महाडला जायची जवळची वाट धरमतरवरून मोटारीनं होती, पण त्या मार्गावरच्या मोटारमालकांनी सत्याग्रहींवर बहिष्कार घातला होता. खिशात भाडं होतं, तरी बसायला जागा नव्हती. म्हणून समुद्रमार्गाचा वळसा घेऊन, रात्र बोटीवर काढून, दुसऱ्या दिवशी दुपारी मंडळी दासगावला उतरली आणि तिथून महाडला पायी गेली. महाडच्या व्यापाऱ्यांचा बहिष्कार होता, त्यामुळे शिधा बाहेरून न्यावा लागला. परिषदेच्या मंडपाला जागा दिली ती फत्तेखान या मुस्लिम गृहस्थांनी. त्याच रात्री मनुस्मृती जाळली गेली. चवदार तळ्याच्या पाण्यावरचा आपला हक्क हायकोर्टानं कायम केला तो १९३७ च्या मार्च महिन्यात.

या दोन बोटी शेजारीशेजारी ठेवून पाहा. एकीवर माणसापासून लांब राहण्यासाठी हजारो लिटर पाणी चांदीतून नेलं जात होतं. दुसरीवर माणूस म्हणून ओंजळभर पाण्याचा हक्क मागायला लोक निघाले होते. पहिल्या बोटीतला फरक पैशानं विकत घेतला होता, पण तो मुळात पैशाचा नव्हताच. दुसऱ्या बोटीतल्या लोकांची अडचण पैशानं सुटणारी नव्हती.

आता तिसरी बोट. ८ ऑगस्ट १९३० रोजी आपल्या नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेचं पहिलं अधिवेशन बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरलं. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबरला, ते गोलमेज परिषदेसाठी ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ या जहाजानं मुंबईहून निघाले. १९२९ सालचं हे पी अँड ओ कंपनीचं नवंकोरं, विजेच्या मोटारींवर चालणारं, आत पोहण्याचा तलाव असलेलं जहाज. त्यात पहिल्या वर्गाचे ४१५ आणि दुसऱ्या वर्गाचे २५८ प्रवासी मावत. महाडचं तळं ज्यांना बंद होतं, त्यांचा प्रतिनिधी तलाव असलेल्या जहाजातून त्यांची कैफियत मांडायला निघाला होता. जहाजात चढायला जात नको, तिकीट हवं, हा बदल लहान नव्हता. तो आपण कमी लेखू नये.

पण तिकिटाची उतरंड निर्दोष आहे, असंही समजू नये. १९१२ साली टायटॅनिक बुडालं, तेव्हा पहिल्या वर्गातले शंभरातले सुमारे बासष्ट प्रवासी वाचले, तिसऱ्या वर्गातले केवळ पंचवीसच्या आसपास. तिसऱ्या वर्गाच्या खोल्या खाली होत्या, बचावबोटींच्या डेकपासून लांब, आणि बोटी अर्ध्याच लोकांना पुरतील एवढ्या. त्यानंतर १९१४ च्या आंतरराष्ट्रीय करारानं तत्त्व ठरवलं की, जहाजावरच्या प्रत्येक माणसाला बचावबोटीत जागा हवी, त्याचं तिकीट कुठल्याही वर्गाचं असो. म्हणजे पडदा, पलंग, खिडकी यांना भाव लावा, जीव वाचवण्याच्या जागेला लावता येणार नाही. महाडनं पाण्याबद्दल हेच सांगितलं.

१९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. आपण बऱ्याचदा पहिल्याशी लढताना दुसऱ्याला घरी जेवायला बोलावतो. ‘आपल्या माणसांनी वर बसलं पाहिजे’ या वाक्यात आम्हाला तोच धोका दिसतो. वरची खोली घेतल्यानं खालची उतरंड मोडत नाही, तिच्यात आपली पायरी तेवढी बदलते. आणि जहाजाच्या अगदी खालच्या डेकवर कोण राहतं, तेही पाहा. खोल्या आवरणारे, भांडी घासणारे, इंजिनात राबणारे कामगार. २००६ च्या सागरी श्रम करारातल्या एका पर्यायात कामाची कमाल मर्यादा आठवड्याला ७२ तास आहे. बाबासाहेब मजूर खातं सांभाळत असताना १९४६ साली आपल्या कारखान्यांतला आठवडा ५४ वरून ४८ तासांवर आणणारं विधेयक त्यांनीच मांडलं होतं, हे आठवलं की ७२ चा आकडा टोचतो.

मग त्या मुलीला आम्ही काय सांगितलं? पहिलं, आईवडिलांना जरूर पाठव. उपभोगाचा हक्कही हक्कच आहे, आणि आयुष्यभर ड्युटी केलेल्या बाईच्या दोन दिवसांच्या सुखाला कुणी उधळपट्टी म्हणू नये. विद्यार्थ्याच्या पुस्तकांचा हिशेब आपल्या प्रत्येकाच्या पगारातून व्हावा, एका आईच्या सहलीतून नको.

दुसरं, दोन रात्रींच्या प्रवासाला सूट परवडला तरी घेऊ नको. दिवसभर माणूस डेकवरच असतो, आणि डेकवरून दिसणारा समुद्र आतल्या खोलीवाल्यालाही तेवढाच मोठा दिसतो. वडिलांना गाडी लागते, तर खोली जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर बघ, तिथं हेलकावे कमी जाणवतात. आई पहाटे उठून खिडकीशी बसणारी आहे, तर खिडकीची खोली घे, ते पैसे वसूल होतील. जास्त दिवसांचा प्रवास असेल, जेवण, पेयं आणि टिप सगळं आत धरलेलं असेल, तर महाग तिकीटही कधी कधी शेवटी स्वस्त पडतं. म्हणून अंतिम बिल मांडून रात्रीगणिक हिशेब कर.

तिसरं, मान मिळेल म्हणून जास्त पैसे मोजू नको. मान तिकिटावर छापून मिळत नाही. तो आपल्याला पद्मावतीवरून गेलेल्या माणसांनी मिळवून दिला आहे, आणि त्यांचं भाडं आपण अजून फेडतो आहोत. आईला मात्र एक सांग. खोली आवरायला येणाऱ्या पोराला त्याचं नाव विचार, घर कुठं आहे ते विचार.

मुलीनं खिडकीची खोली घेतली.

जय भीम.