जीसीसी कंपायलरमधील प्लगइन-व्यवस्था : एक ऐतिहासिक आढावा

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या इतिहासात परवाना आणि तंत्र यांची चर्चा सामान्यतः वेगवेगळ्या प्रकरणांत केली जाते. प्लगइनच्या बाबतीत ही विभागणी टिकत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. जीसीसी या कंपायलरच्या आधारे त्याचा येथे विचार केला आहे.

प्लगइन म्हणजे चालू प्रोग्रामला बाहेरून जोडला जाणारा भाग. बहुधा तो शेअर्ड लायब्ररीच्या रूपात असतो. ही कल्पना १९६० च्या दशकातील मल्टिक्स प्रणालीइतकी जुनी आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जीसीसीमध्ये मात्र अधिकृत प्लगइन-व्यवस्था येण्यास २०१० साल उजाडले. हा विलंब तांत्रिक अडचणीमुळे नव्हता. नेक्स्ट या कंपनीने ऑब्जेक्टिव्ह-सी भाषेसाठी लिहिलेला भाग स्रोत न देता, ग्राहकानेच जीसीसीला जोडून घ्यावा अशा रूपात वितरित करण्याचा विचार केला होता. जीपीएल परवान्यामुळे अखेर तो स्रोत खुला करावा लागला. प्लगइनचे दार उघडले तर हीच पळवाट राजमार्ग होईल, अशी स्टॉलमन यांची धास्ती होती. ती अनाठायी म्हणता येत नाही.

तोडगा निघाला तो परवान्यातूनच. जीसीसीने तयार केलेल्या प्रोग्राममध्ये जीसीसीच्या सहायक लायब्ररीचे अंश येतात आणि ते बंदिस्त सॉफ्टवेअरमध्ये वापरण्याची विशेष सवलत दिलेली असते. जीपीएलशी विसंगत प्लगइन लावून भाषांतर केल्यास ही सवलत मिळणार नाही, अशी तरतूद २००९ मध्ये करण्यात आली. त्यानंतर एप्रिल २०१० मध्ये आवृत्ती ४.५ प्लगइनसह आली. इलिनॉय विद्यापीठात २००० साली सुरू झालेल्या, मुळातच लायब्ररींच्या स्वरूपात रचलेल्या एलएलव्हीएम प्रकल्पाचे आव्हानही यामागे असावे.

कायद्याचे कुंपण असे ओलांडले गेले, तरी प्लॅटफॉर्मचे उरलेच. लिनक्सवरील ईएलएफ पद्धतीत प्लगइनमधील अपुरे संदर्भ जोडणीच्या वेळी तसेच सोडता येतात. ते पुढे, प्लगइन स्मृतीत चढवताना, मूळ प्रोग्रामकडून पूर्ण होतात. विंडोजवरील डीएलएलला ही मुभा नाही. कोणता संदर्भ कोणत्या फाइलमधून मिळणार, हे जोडणीच्या वेळीच निश्चित असावे लागते. १९९० च्या दशकात आलेल्या जीएनयू लिबटूलने शेअर्ड लायब्ररी घडवताना विविध प्रणालींतील आज्ञांचे भेद एका आवरणाखाली झाकले. पण हा भेद आज्ञांचा नसून रचनेचा असल्याने तो झाकला जात नाही. लिबटूलमध्ये ‘अपुरे संदर्भ नाहीत’ अशी ग्वाही देणारा स्वतंत्र पर्याय ठेवावा लागला, तो याचमुळे.

परिणामी जीसीसीची प्लगइन-व्यवस्था आरंभी युनिक्स-कुळातील प्रणालींपुरतीच राहिली. विंडोजवरील मिनजीडब्ल्यूला ती पुढे मिळाली, तीही एका अटीसह. सी आणि सी++ यांचे भाषांतर करणारे प्रोग्राम तेथे दोन स्वतंत्र फाइली असल्याने एकाच स्रोताचे प्लगइन प्रत्येकासाठी वेगळे जोडून घ्यावे लागते.