हलक्या चकतीची कुळकथा

वजन उचलण्याच्या विद्येंत भार किती, हा प्रश्न सर्वांनाच सुचतो. पण तो भार जमिनीपासून किती उंचीवर हातांत धरावयाचा, हा प्रश्न फारसा कोणाच्या मनांत येत नाहीं. नवशिक्याच्या दृष्टीनें मात्र हा दुसराच प्रश्न अधिक निकडीचा होय.

१८९६ सालीं अथेन्स येथें आधुनिक ऑलिंपिक सामने प्रथम भरले, तेव्हां भारोत्तोलनाचे एका हाताचा व दोन हातांचा असे दोन प्रकार त्यांत होते. पहिल्यांत ब्रिटनच्या लॉन्सेस्टन एलियटनें ७१ किलो वजन उचलून बाजी मारली. दुसऱ्यांत तो आणि डेन्मार्कचा विगो येन्सेन या दोघांनींही १११.५ किलो उचलले. परंतु येन्सेनची उचलण्याची रीत अधिक निर्दोष ठरून पहिला मान त्याला मिळाला. केवळ बळ पुरेसें नाहीं, रीतही पाहिली जाते, हें या खेळानें असें आरंभींच सांगून टाकलें.

त्या काळचा बार्बेल म्हणजे दांड्याच्या दोन टोकांस बसविलेले लोखंडी गोळे. कांहीं गोळे भरीव, तर कांहीं पोकळ. पोकळ गोळ्यांत वाळू किंवा शिशाचे छर्रे भरून वजन कमीजास्त करीत. हा खटाटोप वेळखाऊ होता, आणि गोळा जसा लहान किंवा मोठा तसा दांडाही खालीं किंवा वर. अॅलन कॅल्व्हर्टनें १९०२ सालीं फिलाडेल्फिया येथें मायलो बार्बेल कंपनी काढली. रोज वासरूं खांद्यावर घेऊन चालतां चालतां अखेर बैल उचलूं लागलेल्या ग्रीक मल्लाचें हें नांव! वजन क्रमाक्रमानें वाढवावें हें तत्त्व त्या नांवांतच आलें.

पुढें १९२० नंतरच्या दशकांत जर्मनींतील कास्पर बेर्गच्या बार्बेलनें गोळ्यांची जागा घेतली. त्यांत चकत्या होत्या, आणि त्या ज्यावर बसत तीं टोंकें दांड्याभोंवतीं मोकळीं फिरत. मनगटें झटक्यानें उलटवून भार डोक्यावर न्यावयाचा असतांना याचें मोल कळतें. फ्रान्सच्या ‘अपोलों’ नांवाच्या मल्लाचीं आगगाडीचीं चाकें प्रसिद्ध आहेत. जाड आंस आणि न फिरणारीं चाकें यांमुळें तीं डोक्यावर नेणारे वीर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच झाले. अमेरिकेच्या जॉन डेव्हिसला तें १९४९ सालीं साधलें.

मोठ्या चकतीचा व्यास ४५ सेंटिमीटर ठरला. त्यामुळें जमिनीवर ठेवलेल्या दांड्याचा मध्य साडेबावीस सेंटिमीटरांवर येतो. पण एवढी रुंद चकती लोखंडाची घडविली कीं ती जड व्हावयाचीच. २० किलोचा दांडा आणि २० किलोच्या दोन चकत्या मिळून ६० किलो झाले. पोरसवदा शिष्यानें तेवढे पहिल्याच दिवशीं कसे उचलावे? लहान चकत्या लावाव्या, तर दांडा पायाच्या घोट्यापर्यंत उतरतो, शिष्य फाजील वांकतो आणि पाठीची कमान होते. तालमींत मुद्गलांची हलकी जोडी दिली तरी मूठ धरण्याची जागा बदलत नाहीं. बार्बेलचें मात्र तसें नाहीं. म्हणून कोणी दांड्याखालीं लांकडी ठोकळे ठेवीत, कोणी गुडघ्यापासूनच उचलावयास लावीत.

हा पेंच रबरानें सोडविला. हाल्मस्टाडच्या एलाइको या विजेचीं घरगुती उपकरणें करणाऱ्या स्वीडिश कारखान्यानें १९५७ सालीं पहिला दांडा घडविला, आणि १९६३ च्या स्टॉकहोम येथील जागतिक स्पर्धेंत त्यांचा एकच दांडा अखेरपर्यंत टिकला. पुढें चकत्यांना रबर आलें तें मुख्यतः आपटण्याचा धक्का सोसण्यासाठीं. पण रबर लोखंडाहून कितीतरी हलकें. तेव्हां व्यास तोच ठेवून १० किंवा ५ किलोचीही चकती करतां येऊं लागली. कठीण प्लास्टिकनें ती अडीच किलोवर आली. स्त्रियांच्या १५ किलोच्या दांड्याला अशा दोन लावल्या, तर अवघ्या २० किलोंत योग्य उंची मिळते.

चकती निवडतांना मात्र डोळे उघडे ठेवावे लागतात. हलकी रबरी चकती पातळ असते; डोक्यावरून वारंवार पडल्यास ती वांकते व मधली धातूची कडी सैल होते. प्लास्टिकची तडकते. तिच्या बाहेर लहान लोखंडी वजनें चढवीत गेलें, तर सारा आघात त्या पातळ कडेवरच येतो. म्हणून शिष्य ४० किलोपर्यंत पोंचला कीं ५ किलोच्या चकत्या उतरवून १० किलोच्या चढवाव्या. फार मऊ रबरही बरें नव्हे. तें उसळतें आणि हलका बार्बेल भलतीकडे उडतो. दोन्ही बाजूंचा व्यास सारखा आहे कीं नाहीं, हें तर विकत घेण्यापूर्वींच मोजून पाहावें. पुष्कळ ग्राहक रंग पाहतात आणि हेंच विसरतात.

सर्वांनाच हीं साधनें मिळत नाहींत. मणिपूरच्या मीराबाई चानू यांनीं आरंभीं बांबूवर सराव केला. २०२१ सालीं टोकियो येथें त्यांनीं ८७ व ११५ असे एकूण २०२ किलो उचलून रौप्यपदक मिळविलें. पुढल्याच वर्षीं बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल सामन्यांत सांगलीच्या संकेत सरगर यांनीं ५५ किलो वजनगटांत २४८ किलो उचलले व तेही रौप्यपदकाचे मानकरी ठरले.