उत्खननाचा अहवाल आणि लेखकत्वाचे श्रेय

उत्खनन दुसऱ्यांदा करता येत नाही. थर एकदा उकरला गेला की मागे उरतो तो अहवाल. त्यामुळे त्यावर कोणाची नावे आहेत, हा निव्वळ मानापमानाचा विषय राहत नाही. कोणी काय पाहिले आणि कोणता निष्कर्ष कोणाचा, हे त्यावरूनच ताडून पाहता येते.

मोहेंजोदडोचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. सिंध प्रांत तेव्हा पुरातत्त्व विभागाच्या पश्चिम मंडळात मोडत असे व मंडळाचे मुख्यालय पुण्यात होते. मंडळाचे अधीक्षक राखालदास बॅनर्जी यांनी १९२२-२३च्या हंगामात तेथे उत्खनन केले. सिंधू संस्कृतीचा शोध जगापुढे मांडला तो मात्र महासंचालक सर जॉन मार्शल यांनी, सप्टेंबर १९२४मध्ये लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकातून. पुढे १९३१मध्ये त्यांनीच संपादित केलेला त्रिखंडात्मक ग्रंथ निघाला.

मार्शल यांनी बॅनर्जींचे नाव दडपले, असे सर्रास म्हटले जाते. ते खरे नाही. लेखात त्यांचा उल्लेख आहे. ग्रंथाच्या प्रस्तावनेत तर स्थळाची प्राचीनता ओळखल्याचे श्रेय स्पष्टपणे त्यांना दिले आहे. तांब्या-काशाच्या वस्तूंचे रासायनिक पृथक्करण करणारे मोहंमद सनाउल्ला यांचेही नाव त्यांच्या लेखनाला जोडलेले आहे. मात्र बॅनर्जींनी लिहिलेले प्रकरण ग्रंथात नाही. श्रेयनिर्देश मिळाला, लेखकत्व नाही.

बॅनर्जी १९३०मध्ये निवर्तले. त्यांचा स्वतंत्र अहवाल पुस्तकरूपाने निघाला तो १९८४मध्ये, वाराणसीहून. प्रकाशकाने त्याच्या शीर्षकातच ‘विस्मृत अहवाल’ अशा अर्थाचे शब्द घातले.