ग्राफिक्स चालक व कर्नल

ग्राफिक्स चालक व कर्नल : संगणकाच्या पडद्यावर चित्र उमटविणाऱ्या ग्राफिक्स प्रक्रियकाला आज्ञा देणाऱ्या कार्यक्रमास ग्राफिक्स चालक म्हणतात. स्मृती, प्रक्रियक व इतर यंत्रभाग यांच्या वापराचे नियमन करणारा प्रचालन प्रणालीचा गाभा म्हणजे कर्नल होय. कर्नलची नवी आवृत्ती बसविल्यावर पडदा काळा राहणे, माऊसचा दर्शक न हलणे किंवा संपूर्ण संगणक गोठणे हा दोष लिनक्स प्रणालीच्या वापरात पुष्कळदा आढळतो. यंत्र तेच असते आणि वापरणाऱ्याने काही बिघडविलेलेही नसते. तथापि काल चालणारे यंत्र आज चालत नाही. चालक व कर्नल यांच्यातील सीमारेषा गेल्या चार दशकांत कशी सरकत गेली, हे पाहिल्याशिवाय या दोषाचे मूळ ध्यानात येत नाही.

इतिहास : अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन, डेनिस रिची व त्यांचे सहकारी यांनी १९६९ मध्ये यूनिक्स प्रणालीचा आरंभ केला. तिचा वापर अक्षरे दाखविणाऱ्या अग्रांवरून होत असल्याने कर्नलचा चित्रांशी संबंध नव्हता. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९८४ मध्ये एक्स विंडो ही खिडक्यांची प्रणाली तयार झाली. तिची अकरावी आवृत्ती १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली. हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स कर्नल प्रसिद्ध केला. त्यावर चित्रांचे काम एक्सफ्री८६ हा कार्यक्रम करीत असे. तो कर्नलला बाजूस ठेवून ग्राफिक्स कार्डाशी थेट व्यवहार करी. त्यामुळे कर्नल बदलला तरी पडद्याला सहसा बाधा येत नसे. मात्र एकाच कार्डाचे दोन धनी होते : अक्षरांचा पडदा कर्नलकडे व चित्रांचा पडदा एक्सकडे. एक्स कोसळल्यास कार्ड कोणत्या स्थितीत आहे हे कर्नलला कळत नसे व दोषाचा संदेशही पडद्यावर दाखविता येत नसे.

त्रिमितीय चित्रांची गरज वाढल्यावर अनेक कार्यक्रम एकाच वेळी कार्डाचा वापर करू लागले आणि त्यांच्यात मध्यस्थी करणे कर्नलला भाग पडले. एक्सफ्री८६ च्या २००० मधील चौथ्या आवृत्तीपासून चालकाचा एक भाग कर्नलमध्ये राहू लागला. डिसेंबर २००८ मधील २.६.२८ या आवृत्तीत इंटेलच्या ग्राफिक्स स्मृतीचे व्यवस्थापन आणि मार्च २००९ मधील २.६.२९ या आवृत्तीत पडद्याची मापे ठरविण्याचे काम कर्नलकडे आले. त्याच वर्षी रेडिऑन कार्डांसाठी व २०१० मध्ये नूव्हो चालकाद्वारे एनव्हिडियाच्या कार्डांसाठी हीच रचना स्वीकारण्यात आली. पडदा स्थिरपणे उमटू लागला. परंतु चालकातील चूक आता संपूर्ण प्रणालीला थांबवू शकत होती.

मायक्रोसॉफ्टच्या प्रणालींत हाच प्रवास उलटसुलट झाला. विंडोज एनटीच्या १९९३ मधील पहिल्या आवृत्तीत चित्रांचे काम कर्नलबाहेर होते. १९९६ मधील चौथ्या आवृत्तीत वेगासाठी ते आत घेण्यात आले. २००७ मध्ये विक्रीस आलेल्या व्हिस्टात चालकाचा मोठा भाग पुन्हा बाहेर काढण्यात आला. ग्राफिक्स प्रक्रियकाने दोन सेकंदांत प्रतिसाद न दिल्यास त्याला पूर्वस्थितीवर आणण्याची सोयही तीत करण्यात आली.

दोषाची कारणे : लिनक्स कर्नल सामान्य कार्यक्रमांशी असलेला आपला व्यवहार स्थिर ठेवतो, आतील भागांचे परस्परव्यवहार मात्र हेतुतः बांधून ठेवलेले नाहीत. सुधारणा करणारा कर्नलच्या संग्रहातील सर्व चालकांत तदनुरूप बदल करतो. संग्रहाबाहेरील चालकाला हा लाभ मिळत नाही. प्रत्येक नव्या कर्नलसाठी तो पुन्हा बांधावा लागतो. हे काम आपोआप करणारी डीकेएमएस ही योजना डेल कंपनीने २००३ मध्ये पुढे आणली. बांधणी अयशस्वी झाल्यास, अथवा सुरक्षित आरंभाच्या व्यवस्थेने स्वाक्षरीविरहित चालक नाकारल्यास, पडदा काळा राहतो. एनव्हिडियाने मे २०२२ मध्ये आपल्या चालकाचा कर्नलमधील भाग खुला केला; परंतु तो संग्रहाबाहेरच राहिला आणि त्याचा लाभ नव्या कार्डांपुरताच होता. जुन्या कार्डांसाठी असलेल्या ३९० मालिकेचा आधार २०२२ च्या अखेरीस संपला. संग्रहातील चालकही निर्दोष नसतात. प्रक्रियकाकडून उत्तर न आल्यास चालक अडून राहतो आणि त्याने धरून ठेवलेल्या साधनांची वाट पाहत इतर कामेही थांबतात.

दोषशोधन : लिनक्सच्या बहुतेक वितरणांत जुना कर्नल लगेच काढून टाकला जात नाही. आरंभसूचीतून तो निवडून पाहणे ही पहिली कसोटी होय. त्यावर यंत्र नीट चालल्यास कार्ड निकामी झालेले नसून दोष अद्यतनात असण्याचा संभव अधिक, असे समजावे. गोठलेल्या यंत्राशी दुसऱ्या संगणकावरून जाळ्यामार्फत संपर्क होत असेल, तर केवळ ग्राफिक्स भाग अडलेला असतो. त्यानंतर मागील सत्राची नोंदवही वाचावी. चालक भरला गेला का, त्याला लागणारी फर्मवेअर फाइल सापडली का, हे तीत दिसते. आरंभाच्या वेळी ‘नोमोडसेट’ हा पर्याय दिल्यास साधा पडदा मिळतो व दुरुस्ती करता येते. मूळ चूक शोधण्यासाठी २००५ पासून वापरात असलेल्या गिट प्रणालीतील द्विभाजन पद्धत उपयोगी पडते. दर चाचणीस संशयित बदल निम्मे होत असल्याने १,००० बदलांतून सदोष बदल सु. १० चाचण्यांत सापडतो.

महाराष्ट्रातील संदर्भ : पुणे येथे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने—सी-डॅकने—२००७ मध्ये डेबियनवर आधारलेली बॉस ही भारतीय लिनक्स प्रणाली प्रसिद्ध केली. तीत मराठीचाही अंतर्भाव आहे. याच केंद्रातील परम सिद्धी या २०२० मधील महासंगणकात एनव्हिडियाचे ग्राफिक्स प्रक्रियक पडद्यासाठी नव्हे, तर गणनेसाठी वापरलेले आहेत. तेथेही चालक व कर्नल यांचा मेळ राखावाच लागतो.

मोठ्या केंद्रांत हे काम प्रशिक्षित तंत्रज्ञ पाहतात. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदसारख्या तालुक्याच्या गावी, जेथे १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, उत्पादकाचा तंत्रज्ञ हाताशी असेलच असे नाही. तेथे काळा पडदा पाहून चांगले यंत्र मोडीत निघू शकते. जुना कर्नल निवडणे व नोंदवही वाचणे एवढ्या ज्ञानाने ते वाचते. अशा नोंदीसह चूक कर्नलच्या विकासकांना कळविल्यास तेच कार्ड वापरणाऱ्या इतर सर्वांच्या यंत्रांतील दोषही दूर होण्यास मदत होते.