गुन्हाशास्त्र आणि भाषेची साक्ष : पांढरकवडा परिसराच्या निमित्ताने

नागपूरहून हैदराबादेकडे जाणाऱ्या मार्गावर पांढरकवडा हे केळापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण वसले आहे. १८१८ च्या एप्रिलमध्ये याच परिसरात कर्नल ॲडम्सच्या फौजेने दुसऱ्या बाजीरावाचा पराभव केला. पेशवाईच्या अस्ताबरोबर मध्य हिंदुस्थानातील वाटांचा बंदोबस्त कंपनी सरकारकडे आला आणि 'गुन्हेगार कोण?' या प्रश्नाचे उत्तर नव्याने दिले जाऊ लागले. त्या उत्तरात भाषेचा वाटा किती होता, हे गुन्हाशास्त्राच्या अभ्यासात सहसा पाहिले जात नाही.

१८३६ च्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे हाच जन्मठेपेस पात्र गुन्हा ठरविला. कृत्य सिद्ध झाले नाही तरी टोळीशी असलेला संबंध पुरेसा झाला. त्याच वर्षी स्लीमन यांचा 'रामसीआना' हा ठगांच्या सांकेतिक शब्दांचा कोश कलकत्त्यास प्रसिद्ध झाला. त्याचा आधार मुख्यतः माफीच्या साक्षीदारांचे कथन हा होता. या कोशाने एक अनुमान रूढ केले : ज्यांची बोली निराळी व गूढ, त्यांची जात निराळी, आणि त्या जातीचा धंदा पिढीजात गुन्ह्याचा.

मराठी भाषेच्या अभ्यासकाला या अनुमानातील दोष तत्काळ दिसतो. महाराष्ट्रातील व्यापारी गिऱ्हाइकासमक्ष भाव ठरविताना नंदभाषा वापरीत. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत झाकून ठेवले. परंतु नंदभाषेवरून व्यापाऱ्यांना, किंवा सकळ लिपीवरून महानुभावांना कोणी गुन्हेगार ठरविले नाही. सांकेतिक भाषा हे धंद्याचे, पंथाचे किंवा भयाचे लक्षण असू शकते. तो गुन्ह्याचा पुरावा नव्हे. जे निर्धन व फिरते होते, त्यांच्याच बाबतीत तो पुरावा मानला गेला.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने या अनुमानाला विधिरूप दिले. आरंभी तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता; १९११ व १९२४ च्या कायद्यांनी त्याची व्याप्ती व जाच वाढविला. दरम्यान १८८२ साली मेजर गन्थॉर्प यांचे मुंबई इलाखा, वऱ्हाड व मध्यप्रांत येथील 'गुन्हेगार जमातीं'वरील पुस्तक निघाले. त्यात टाकणकार व पारधी यांचा समावेश आहे. ही नावे मुळात काय सांगतात? झिजलेल्या जात्याला टाकी लावून देणारा तो टाकणकार. पारध करणारा तो पारधी. फासे लावून पाखरे धरणारा तो फासेपारधी. तिन्ही नावे व्यवसायाची आहेत. पोलिसांच्या नोंदवहीत शिरताच ती संशयाची नावे झाली.

ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाच्या नवव्या खंडातील १९०७ च्या भागात पारधी व टाकणकारी बोलींची गणना भिल्ली गटात केलेली आहे आणि या गटाचे गुजरातीशी निकटचे नाते दाखविले आहे. म्हणजे पोलिसाला जी गुप्त भाषा वाटली, ती दूर देशीच्या लोकांची घरगुती बोली होती. अर्थात भाषाशास्त्रही येथे सर्वस्वी निर्दोष नाही. सर्वेक्षणाचे नमुने जिल्हा अधिकाऱ्यांच्या यंत्रणेमार्फतच जमा झाले होते. बोलणारा कोणाच्या समोर बोलत होता, हा प्रश्न त्या नमुन्यांनाही विचारला पाहिजे.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि 'गुन्हेगार' हे विशेषण जाऊन 'विमुक्त' आले. तथापि मुंबई राज्यात १९५९ साली सराईत गुन्हेगारांसंबंधीचा कायदा झाला. तो व्यक्तीला लागू होता, जमातीला नव्हे. परंतु संशयाची जुनी सवय शब्द बदलल्याने सुटली नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातील जातीवर आधारलेली कामाची विभागणी घटनाबाह्य ठरविली, तेव्हा विमुक्तांना जन्मतः गुन्हेगार मानणाऱ्या नियमांचाही परामर्श घ्यावा लागला. त्याच वर्षी १ जुलैपासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतून 'ठग' ही व्याख्या गळाली. १८३६ चा शब्द दंडविधानातून जाण्यास १८८ वर्षे लागली.

भारतात गुन्हाशास्त्राचे अध्यापन समाजकार्य व न्यायवैद्यक अशा दोन अंगांनी वाढले. मुंबईस १९३६ मध्ये स्थापन झालेली टाटा समाजकार्य संस्था व १९५९ मध्ये सागर विद्यापीठात निघालेला गुन्हाशास्त्र व न्यायसाहाय्यक विज्ञान विभाग ही त्यांची उदाहरणे होत. या दोहोंत इतिहास व भाषाशास्त्र यांना स्थान मिळणे अगत्याचे आहे. त्याची निकड पांढरकवड्यासारख्या न्यायालयाच्या गावी स्पष्ट होते. या तालुक्यात मराठीबरोबर गोंडी, कोलामी व बंजारा बोली नांदतात. त्यांपैकी गोंडी व कोलामी द्राविडी कुळातील आहेत. आरोपीला न कळणाऱ्या भाषेतील पुरावा त्याला समजेल अशा भाषेत सांगितला पाहिजे, असे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम २७९ सांगत असे. नव्या संहितेतही ते तत्त्व कायम आहे. परंतु कोलामीतून दिलेला जबाब मराठीत उतरतो, तेव्हा साक्षीदाराचे 'आम्ही' म्हणजे नेमके कोण, हे कायद्याचे कलम सांगू शकत नाही. बोलणाऱ्याचे घर, त्याचा तांडा की त्याची सारी जमात? एका व्यक्तीचे कृत्य सबंध जमातीच्या माथी मारण्याचा जो अपराध १८७१ मध्ये झाला, त्याचे बीज अशाच एका शब्दाच्या अर्थात दडलेले असते. तो शब्द नीट ऐकणे हे गुन्हाशास्त्राचे पहिले काम होय.